पलीकडची आणि समोरची

दार उघडलं आणि पलीकडची आत आली.

पलीकडची म्हणजे भिंतीच्या पलीकडची. तिचं नाव त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, दारावरच्या पाटीवर होतं. पण ते त्याच्या तोंडी कधी बसलं नाही. इमारतीतली मुलं तिला कर्णामावशी म्हणायची, कारण जिन्यात ती नुसतं 'पाय पुसून जा रे' म्हणाली तरी गच्चीवरची कबुतरं उडायची. त्याच्यापुरती मात्र ती पलीकडची. सकाळी भांडी आपटणारी, रेडिओ फाटेस्तोवर लावणारी, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे संध्याकाळी, तो कामावरून येऊन बूट काढून जरा पाठ टेकतो न टेकतो तोच, काहीतरी जड, लाकडी, अवाढव्य असं फरशीवरून ओढत नेणारी. कर्रर्र. मग थांबणार. हायसं वाटून तो डोळे मिटणार, की पुन्हा कर्रर्र. हा आवाज इतकी वर्षं त्याच्या दाढांत जाऊन बसला होता. पलीकडे नक्की काय चालतं याचे त्यानं नाना तर्क केले होते आणि शेवटी, ही बाई आपल्याला छळायलाच जन्माला आली आहे, या सोप्या निष्कर्षावर येऊन तो थांबला होता. जिन्यात गाठ पडली की तो काहीतरी पुटपुटायचा आणि ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. तेही त्याला उद्धटपणाचं वाटायचं. आणि आज ती धुतलेले, इस्त्रीचे कपडे घालून, केस घट्ट बांधून, लेकीचा दंड धरून, इस्पितळातल्या त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती.

"अगंबाई," ती म्हणाली, आणि बाहेरच्या बाकावरचे सगळे पेशंट वळून बघायला लागले. "हा तर आपल्या शेजारचा!"

त्याचं काम कान तपासायचं. डॉक्टर वरच्या मजल्यावर. हा खाली, तळघराच्या टोकाला, खोलीतल्या खोलीशी. ती आतली खोली म्हणजे त्याचा अभिमान होता. जाड भिंती, आतून भोकाभोकांच्या फळ्या मढवलेल्या, दार फ्रिजच्या दारासारखं चप्प बसणारं, आणि आतल्या माणसाला बाहेरून बघता यावं म्हणून एक दुहेरी काच. जगात आवाजाला विचारल्याशिवाय आत येता येत नाही अशी त्याच्या माहितीतली ती एकच जागा. दुपारी डबा खाऊन झाला की तो स्वतः आत जाऊन दार ओढून घ्यायचा. आधी काहीच नसायचं. मग हळूहळू कानांत एक बारीक गुणगुण यायची, मग मानेतल्या शिरेचा ठोका, मग गिळलेल्या आवंढ्याचा आवाज, एखाद्या मोठ्या घराच्या दूरच्या खोलीत कुणीतरी दार लावावं तसा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा तो घाबरला होता. नंतर त्याला त्याची चटकच लागली. आपल्या आत इतकी जागा आहे हे त्याला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? तो वाढला ते घर दोन खोल्यांचं, आणि त्यात आजी, आई-वडील, ताई, दोन काका, काकू, चुलत भावंडं, आणि कायम कुणीतरी आलेलं. तो सगळ्यांत धाकटा, म्हणून त्याची झोपायची जागा आडवी, सगळ्यांच्या पायथ्याशी. रात्रभर कुणाचे ना कुणाचे तळवे त्याच्या बरगडीला लागायचे. त्या घरात दिवसभर एकच शब्द ऐकू यायचा, 'सरक'. अरे सरक जरा. बाळ, थोडं सरक रे. अभ्यासाला तो न्हाणीघरात पालथ्या बादलीवर बसायचा, तर तिथंही दारावर थाप पडायची. प्रेम नव्हतं असं नाही. उलट प्रेमच इतकं होतं की श्वास घ्यायला फट मिळायची नाही. मोठा झाल्यावर लग्न राहून गेलं, म्हणजे त्यानं ते राहू दिलं. खोलीत आणखी एक माणूस, ही कल्पनाच त्याला पेलवेना. सगळं मागे टाकून त्यानं ही भाड्याची जागा घेतली, दाराला आतून कडी घातली, दिवा लावला, आणि पलीकडून आवाज आला, कर्रर्र.

त्यानं तिला आत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "ऐकू आलं की दाबायचं. अगदी बारीक आलं तरी." तिनं मान डोलावली आणि बटण असं धरलं, की जणू त्यानं एखादं मोठं यंत्र थांबणार आहे. तो बाहेर येऊन काचेसमोर बसला आणि नेहमीच्या हातानं आवाज सोडायला लागला. बारीक शिट्टीसारखा. काही नाही. थोडा वाढवला. काही नाही. आणखी. आणखी. एरवी माणूस दचकून हेडफोन काढून फेकील इतका वाढवला, आणि ती पलीकडे हात मांडीवर ठेवून, बसची वाट बघणाऱ्या माणसाच्या शांतपणे बसून होती. मग त्यानं खालचे, जाड, घुमणारे आवाज सोडले, तेव्हा कुठं तिचा अंगठा हलला. पुन्हा बारीक आवाजांकडे गेला, पुन्हा ती शांत. माणसं ज्या आवाजात बोलतात, बेल ज्या आवाजात वाजते, भांडं ज्या आवाजात पडतं, तो सगळा पट्टा तिच्या कानांतून पुसून गेला होता. हे असे आलेख त्यानं आयुष्यभर काढले होते, त्यात नवं काही नव्हतं. नवं एवढंच होतं की हा आलेख त्याच्या भिंतीपलीकडचा होता. बटणावरचा त्याचा हात थांबला. म्हणजे ती भांडी, तो रेडिओ, ते कर्रर्र. हे सगळं फक्त त्याच्या बाजूलाच होत होतं. तिच्या बाजूला काहीच होत नव्हतं. ती बाई इतकी वर्षं त्याच्या ह्या काचेच्या खोलीइतक्याच गाढ शांततेत राहत होती, आणि त्या शांततेतून येणाऱ्या आवाजावर तो दात खात होता. ज्या गोष्टीसाठी तो दुपारी चोरून आत जाऊन बसायचा ती एका वीतभर विटांच्या आड, अख्खीच्या अख्खी, कुणाकडे तरी होती.

मग शब्दांची परीक्षा. तो आत गेला आणि तिचे हेडफोन काढून, तिच्यासमोर बसून एकेक शब्द बोलू लागला. पाणी. दरवाजा. माणूस. ती धडाधडा सगळे बरोबर म्हणत गेली. तो चक्रावला, मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं तोंडासमोर कागद धरला. बाग, तो म्हणाला. ती गप्प. रस्ता. ती गप्प. मग तिनं हात पुढं करून कागद खाली केला.

"तोंड झाकून कुणी बोलतं का?"

"ऐकू येतंय का ते बघायचंय, मावशी."

"ऐकू यायचं बंद होऊन जमाना झाला. मी बघते." तिनं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. "कापडाच्या गिरणीत होते ना मी, मागावर. एका खात्यात शेकड्यांनी माग. सूत घेऊन धोटे असे कडाकडा पळायचे की आकाश फाटलं तरी कळू नये. तिथं कोण कुणाला ऐकणार? आम्ही सगळ्या तोंडानं बोलायचो, आवाज न काढता. माझ्या मागासमोर जिचा माग, ती समोरची. तिच्याशी मी जेवढं बोललेय तेवढं नवऱ्याशी नाही बोलले. आणि एक अक्षर तिचं कानानं ऐकलेलं नाही."

तो बाहेर आला तेव्हा लेक हातातल्या पिशवीचे बंद पिळत उभी होती. ती दुकानात काम करायची, मोठ्या दुकानात, दिवसभर उभं राहून; त्या दिवशीही तिला परत कामावर जायचं होतं. "काही होईल का?" तिनं विचारलं. मशीन लावलं तर बरंच होईल, तो म्हणाला. सगळं नाही, पण पुष्कळ. लेकीचं तेवढ्यानं समाधान होईना. मागच्या महिन्यात ती आईकडे गेली आणि बेल वाजवून वाजवून बोटं दुखली. शेजारपाजारचे गोळा झाले, कुलूप फोडलं, आणि आत आई निवांत इस्त्री करत उभी. "माझं काय झालं असेल त्या दारात, सांगा तुम्ही. उद्या गॅस राहिला, पडली, तर? मी तिला घेऊन जाणार आहे. हॉलमध्ये छान दिवाण टाकलाय तिच्यासाठी. पण ऐकत नाही. तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल ती."

"हॉलमध्ये मी झोपणार नाही!"

आवाज छतातून आला. दोघंही दचकले. आतल्या खोलीचा माइक त्यानं बंद केला नव्हता. काचेपलीकडे ती हाताची घडी घालून बसली होती आणि तिचे डोळे लेकीच्या ओठांवर होते.

"आई! चोरून ऐकतेस?"

"ऐकत कुठं? बघतेय. बघायला बंदी आहे का?" छतातला कर्णा गरजला. "तुझ्या हॉलमधून सकाळी नवरा जाणार, पोरं जाणार, दूधवाला येणार. मी अंगावरची चादर सारखी करत बसायचं. नाही म्हणजे नाही!"

त्या जागी इतकी वर्षं त्यानं माणसं बसवली होती. त्यातलं कुणी ह्या भिंतींतून बाहेर आलं नव्हतं. ही बाई बसल्या जागेवरून बाहेरचं बोलणं उचलत होती आणि भांडत होती. त्याला हसायला यायला हवं होतं. पण देवळात शिरावं तसं त्याला काहीतरी झालं आणि त्यानं नकळत पायांतल्या बुटांकडे बघितलं.

जाताना लेक एकटीच मागे वळली. आईला दिसू नये म्हणून पाठ तिच्याकडे करून हळू म्हणाली, "हौसेनं नेत नाहीये हो मी. माझंही घर केवढंसं. तुम्ही शेजारी आहात. तुमचं लक्ष असेल, रोज एकदा डोकावणार असाल, तर राहू दे तिला. नाही तर महिनाअखेर मी तिला हलवणार."

"बघू," तो म्हणाला. बघू हा शब्द बरा. हो म्हटल्याचं पुण्य मिळतं आणि नाही म्हटल्याचं पाप लागत नाही. महिनाअखेर तो स्वतःच हलणार होता, हे त्यानं सांगितलं नाही.

घर त्याच्या ताईनं शोधलं होतं. बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे, रस्ता जिथं कंटाळून मातीचा होतो तिथं. लहानसं, बैठं, दोन खोल्यांचं, आणि चारही बाजूंना मोकळी जागा. जवळचं दुसरं घर एवढं लांब, की तिथला माणूस हात हलवताना दिसला तरी बोलावतोय की माशा हाकलतोय ते कळू नये. पहिल्यांदा बघायला गेला तेव्हा तो रिकाम्या खोलीच्या मधोमध उभा राहिला. भिंतीला हात लावला. ही भिंत. मग बाहेर जाऊन तीच भिंत बाहेरून चाचपली. तीही आपलीच. आजवर त्याच्या प्रत्येक भिंतीची एकच बाजू त्याची असायची. दुसरी बाजू कुणाच्या तरी खिळ्यांची, कुणाच्या तरी खोकल्याची. इथं तो घराला प्रदक्षिणा घालून आला आणि वाटेत त्याला कुणीही भेटलं नाही. वारा होता, गवत होतं. त्याच्या छातीत काहीतरी इतकं पसरलं की त्यानं दाराची चौकट धरली. "काय रे, आवडलं नाही का?" ताईनं विचारलं. तो नुसता मान हलवत राहिला. "एकटा राहशील इथं? हाक मारायची झाली तर कुणाला मारशील?" "म्हणून तर, ताई," तो म्हणाला, आणि ताईला ते कळलं. तीही त्याच दोन खोल्यांतली.

आता त्या घराचा विचार मनात आला की त्याच्या मागोमाग एक दिवाण यायचा. कुणाच्या तरी हॉलमधला, भिंतीला लावलेला, वर फुलांची चादर. तो चिडायचा. आपला काय संबंध? तिची लेक आहे, जावई आहे. आपण काही तिला ओटीत घेतलेलं नाही. बसमध्ये बसून तो स्वतःशी वाद घालायचा आणि जिंकायचा, आणि जिना चढून तिच्या दारावरून जाताना पाय हळू टाकायचा. हळू टाकायची गरज नाही हे कळल्यावर तर जास्तच.

कानाची मशीनं बसवून ती घरी गेली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी त्याच्या दारावर थाप पडली. ती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"ये रे जरा. कपाट हलत नाहीये, एक हात लाव."

तिची खोली त्याच्याच खोलीची उलटी बाजू होती, आरशातली. त्याची खिडकी डावीकडे, हिची उजवीकडे. त्याचा ओटा जिथं संपायचा तिथं हिचा सुरू व्हायचा. आणि मधोमध, कुठल्याच भिंतीला न टेकता, एक जुनं, भलंमोठं लाकडी कपाट तिरकं उभं होतं. फरशीवर त्याच्या पायांनी काढलेल्या रेघा होत्या, नव्या-जुन्या, खोलवर, एकमेकींवरून गेलेल्या, पाण्याच्या वाटांसारख्या. पलंग खिडकीशी. त्याआधी तो दाराशी असावा. तिथं फरशीचा रंग वेगळा होता.

"हे तुम्ही… रोज हलवता?"

"रोज नाही. मनात येईल तेव्हा." ती हसली. "आज पलंग खिडकीशी हवासा वाटला. म्हणजे कपाट तिकडं. परवा कंटाळा आला की पुन्हा उलटं."

"पण कशाला?"

ती पलंगावर बसली. मशीन लावल्यापासून तिचा आवाज थोडा खाली आला होता, पण सवय जायची होती; मध्येच तो उसळायचा आणि ती स्वतःच दचकायची. "लग्न होऊन आले तेव्हा आमच्या खोलीत एकच पलंग होता," ती म्हणाली. "माझा नवरा रात्रपाळीला, मी दिवसपाळीला, दीर दुपारच्या. मी उठायचे तेव्हा दीर येऊन झोपायचा, तो उठला की नवरा. तो पलंग कधी गार पडला नाही. मी अंग टाकायचे ते कुणाच्या तरी उबेवर. सुरुवातीला किळस यायची, मग सवय झाली, मग मायाही वाटायला लागली, खोटं कशाला बोलू. पण कधीतरी वाटायचं, एकदा, एकदा तरी गार पलंगावर झोपावं. मग सासू, मग पोरं. पुढं दीर गेला, सासू गेली, पोरं आपापल्या घरी, हे गेले. हे गेले त्यानंतर एक दिवस मी पलंगाला हात लावला तर तो गार होता. आधी रडले. खूप रडले. आणि मग, हसशील तू, मी तो ओढत ओढत ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेला. कुणी विचारलं नाही का नेलास. जन्मभर मी सरकले रे. सरक म्हटलं की सरक. आता मी बसते आणि कपाट सरकतं."

तो कपाटाला टेकून उभा होता. भिंतीच्या त्याच्या बाजूला जे इतकी वर्षं दाढांत कळ आणत होतं ते हे होतं. एक माणूस आपल्या जागेचं राज्य करत होतं. त्याला एकदम त्या बाईचा हेवा वाटला आणि तिच्यापुढे आपण फार लहान आहोत असंही वाटलं. त्यानं एवढी वर्षं एकट्यानं राहून आपल्या खोलीतली एक खुर्चीही हलवली नव्हती.

"लाव हात," ती म्हणाली. दोघांनी कपाट ढकललं.

कर्रर्र.

तिनं हात सोडले. दोन्ही हातांनी कान धरून ती त्या कपाटाकडे बघत राहिली, कपाटानं शिवी दिल्यासारखी. "हे काय होतं?"

"काही नाही. कपाट."

"हा आवाज येतो? दर वेळी?" तिची नजर भिंतीकडे गेली, मग त्याच्याकडे. "तुझ्या खोलीत?"

"नाही हो. तिकडं फारसं काही येत नाही."

तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, नेहमीसारखं, टक लावून. "ओठ खोटं बोलतायत तुझे," ती म्हणाली. "गिरणीत मुकादम असाच बोलायचा." आणि मग तिला हसू फुटलं, आधी थोडं, मग आवरेना. "देवा रे! आणि तू कधी भांडायला आला नाहीस!" तोही हसायला लागला. हसता हसता त्याच्या तोंडून निघून गेलं की तो जातो आहे. महिनाअखेर. स्वतःच्या घरात.

तो वाट बघत राहिला, की आता तिच्या चेहऱ्यावर तो दिवाण दिसेल.

"किती खोल्या?"

"दोन. आणि भोवती मोकळं, चारी बाजूंना."

"सगळं तुझ्या एकट्याचं? भिंतीपलीकडे कुणी नाही?"

"गवत आहे."

"गवत!" तिचे डोळे असे काही मोठे झाले, जणू तिला कुणी समुद्रच दाखवला. "अरे मग बसलायस काय असा? जा की!"

"पण तुमची लेक म्हणाली होती," तो म्हणाला, "शेजारी कुणी असेल तरच… मी राहतो हवं तर. ते घर कुठं पळून जात नाही." हे आपणच बोललो याचं त्याला नवल वाटलं, आणि भीतीही. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही. ही हो म्हणाली तर गवत गेलं.

ती उठून त्याच्या अगदी जवळ आली. "माझ्यासाठी कुणी सरकायचं नाही," ती म्हणाली. हळू म्हणाली, इतकं हळू तो तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होता. "तू तर नाहीच. ज्यानं एवढं कर्रर्र ऐकलं त्यानं तर मुळीच नाही. लेकीचं मी बघते."

आणि तिनं बघितलं. दोनच दिवसांत ती बस बदलत बदलत शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आली. गिरणीतली समोरची तिथं मुलाकडे राहत होती, नातवाच्या खोलीत, पडद्याआड. नातू अभ्यास करताना तिनं हलायचं नाही, तिनं घोरलं तर नातवानं उशी मारायची. त्याची रिकामी होणारी खोली मागायला दोघी मिळून घरमालकाकडे जाऊन बसल्या. घरमालक सांगत होता, एक बोलत होती तेव्हा दुसरी नुसती ओठ हलवत होती, आणि मी कुणाला उत्तर देतोय तेच मला कळेना, शेवटी हो म्हणून सुटलो. लेक जिन्यात येऊन भांडली. "आई, अगं दोन बहिऱ्या! तू पडलीस तर तिला काय ऐकू येणार?" "ऐकायचंय कशाला?" ही म्हणाली. "सकाळी उठलं की आम्ही दोघी गॅलरीत येणार. एक आली नाही की दुसरी येऊन बघणार. किल्ली तिची माझ्याकडे, माझी तिच्याकडे. तुझ्या हॉलमध्ये तुला तरी माझी एवढी चौकशी करायला वेळ आहे का?" लेक पायरीवर बसली आणि रडायला लागली, आणि रडून झाल्यावर म्हणाली, की त्या दिवाणावर आता तीच झोपत जाईल, तिच्याही घरात तिला अशी एकटीची जागा कुठं आहे. बेल वाजली की दिवा लागतो असं यंत्र मिळतं, हे त्यानं लेकीला सांगितलं, आणि ते बसवून द्यायचं कबूल केलं.

तो गेला. नव्या घरात पहिले काही दिवस तो नुसता चालायचा, ह्या खोलीतून त्या खोलीत, बाहेरून फिरून पुन्हा आत. सकाळी पलंगाच्या कुठल्याही कडेवर बसलं तरी खिडकीतून गवत दिसायचं आणि त्यावरून वारा कुणाची परवानगी न घेता जायचा. एवढं सगळं एका माणसाला मिळू शकतं याची त्याला लाज वाटायची, आणि आनंद इतका व्हायचा की कधीकधी तो मोठ्यानं 'अरे' म्हणायचा. नुसतंच 'अरे'. कुणी 'काय' म्हणायचं नाही.

सुट्टीच्या दिवशी तो दिवे बसवायला जुन्या इमारतीत गेला. पलीकडचीच्या दाराला आतून कडी होती, म्हणून त्यानं आपल्या, म्हणजे आता समोरचीच्या, दारावर थाप मारली. पुन्हा मारली. मग ढकललं तर दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि तो आपण चुकून दुसरीकडे आलो म्हणून मागे फिरणार होता. त्याची ती खोली, जिथं इतकी वर्षं सगळं एकाच जागी होतं, ती ओळखू येईना. पलंग पार मधोमध, टेबल दाराशी, ट्रंक खिडकीखाली. फरशीवर नव्या रेघा. तो रेघा ओलांडत पुढं गेला.

गॅलरीच्या टोकाला पाठमोरी एक बारीक, वाकलेली बाई उभी होती. तिच्या पलीकडे, मधली फट सोडून, दुसऱ्या गॅलरीच्या टोकाला पलीकडची. दोघींच्या कानांत काही नव्हतं. पलीकडचीनंही मशीनं काढून ठेवलेली. खाली रस्त्यावर सुट्टीची गर्दी होती, भोंगे वाजत होते, कुणीतरी लोखंडी पत्रे उतरवत होतं, आणि त्या सगळ्याच्या वर ह्या दोघी बोलत होत्या. आवाज नव्हता. नुसते ओठ. मोठे, मोकळे, वळणदार, असे हलणारे ओठ त्यानं कधी पाहिले नव्हते; एकेक अक्षर चेहऱ्यावर उमटून नाहीसं होत होतं. पलीकडची काहीतरी सांगत होती, भुवया वर जात होत्या, मान डोलत होती, हातानं कुणाची तरी चाल करून दाखवत होती. समोरची खांदे हलवून हसत होती, मग एकदम थांबली, कठड्यावर हात घट्ट धरून बघत राहिली, आणि हिनं सांगितलेल्या कशानं तरी तिची पाठ हळूहळू वाकत गेली. मग तिचं सुरू झालं, आणि पलीकडची ऐकायला लागली, ऐकायला म्हणजे बघायला, सगळ्या चेहऱ्यानं. ओठांवर प, ब आणि म सारखेच दिसतात, एवढं त्याला पुस्तकातून ठाऊक होतं. त्यानं प्रयत्न करून बघितला. एक शब्द बाप होता किंवा माप, किंवा दुसरंच काही. त्यानं सोडून दिलं. ते त्याच्यासाठी नव्हतंच.

तो पिशवी धरून मधोमध उभा होता. ह्या खोलीत तो राहत असताना इतकी शांतता कधी नव्हती आणि इतकं बोलणंही नव्हतं. भिंतीत भोक पाडायचं यंत्र पिशवीत होतं, दिव्यांची खोकी होती. ते सुरू केलं असतं तरी दोघींना कळलं नसतं. पण त्याचा हात होईना. त्यानं पिशवी आवाज न करता खाली ठेवली, पलंगाच्या कडेला बसला, आणि त्यांचं संपायची वाट बघू लागला. बराच वेळ ते संपलं नाही.